उजेडात या, हिंमतराव!

नाई, मले एक सांगा, मानसाले एका जाग्यावर उभं राहनं एवढं जड काऊन जाते? आमच्या मेहकरच्या स्टँडावर बसची वाट पाहनारा मानूस अर्धा अर्धा दिवस उभा राहते, हूं का चूं करत नाई! अन् नाटकातल्या मानसाले म्हनलं ना, "बाप्पा, घडीभर उभा राह्य, तुह्यावर लाइट लावून पाहतो," की याच्या पायाले मुंग्या, त्याले चहाची तलफ, तिचा फोन… अरे, म्या काय कोनाचं वावर मागून राह्यलो होतो का? म्या एवढंच म्हनलं होतं, जाग्यावर उभे राहा!

तुमाले सांगतो, लग्नाच्या आधीपासून मी आमच्या नाटक मंडळाचा पडदा ओढतो. बाकीच्यायचं नाव पत्रिकेत येते, फोटो येते, अन् मी, रमाकांत? "व इतर." घरची पत्रिका असली तरी "व इतर"! मंग यंदा म्या हिंमत केली, मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव, तेच आमचे हिरो बी, त्याईच्यापुढं उभा राह्यलो अन् म्हनलं, "भाऊ, मले लाइटचं काम द्या." त्यायनं मिशीवरून हात फिरवला. "रमाकांत, खामगावची स्पर्धा हाय. कॉम्प्युटरवाले लाइट भाड्यानं आनून राह्यलो. जमलं तर लाइट कायमचे तुहे. नाई जमलं तर…" तर काय, पडद्याची दोरी होतीच! झोप उडाली ना माही. रोज मोबाइलवर पाहू पाहू शिकलो, बायको म्हने, आता तुमी त्या मोबाइललेच डब्यात घालून हापिसात न्या.

अन् ते लाइट! जुन्या हॅलोजनचं बरं होतं, दोन लावले की सारं स्टेज उजळे, नट कुठीबी मरो, दिसे. हे तसे नाईत. हे मान वळवते! एकेका प्रसंगाचा उजेड लॅपटॉपमंधी नंबर देऊन साठवून ठेवाचा, या वाक्याले या जाग्यावर, एवढासाच गोल. मंग खेळात आपन फक्त बटन दाबत जायचं, लाइट आपल्या आपन तिकडं पाहते. पन साठवासाठी तिथं मानूस तर उभा पाह्यजे? का हवेवर लाइट लावू? म्हनून सकाळी सकाळी साऱ्याईले खामगावच्या त्या हॉलमंधी बलावलं, अन् म्हनलं, जाग्यावर उभे राहा.

कोन आलं? हिंमतराव आले, अन् गेले. "मी लॉजवर वाक्यं घोकतो, मले डिस्टर्ब करू नोको." त्याईच्या पोराचं काम करनारा ऋत्विक फोनवर म्हने, "काका, टेन्शन नोको ना घेऊ, ऐन वेळेवर बरोबर उभा राह्यतो!" नाटकात त्याईची बायको झालेली अनुपमा पार्लरमंधी. राह्यलं कोन? शरयू. माही बायको, बिचारी नाटक पाहाले संगं आली होती. म्हनलं, "उभी राह्य वं जरा."

"कोन म्हनून?"

"सारेच. बाप बी तूच, पोरगा बी तूच."

"अन् शेवटी मरते ते?"

"ते बी तूच."

"त्याची तर मले सवयच हाय," म्हने अन् राह्यली उभी.

एप्रिलचा महिना, खामगावचं ऊन, वरून पत्रा! चने ठेवले असते तर फुटाने झाले असते. साऱ्या स्टेजवर एकच उभा फर्राटा पंखा, तो बी विंगेच्या तोंडाशी, घर्रर्र फिरून राह्यला. मी लॅपटॉपमंधी डोकं घालून. पाहतो त लाइट एकीकडं अन् बायको दुसरीकडं. म्हनलं, लाइट सरकला असंल. वळवला बायकोवर, ठेवला साठवून. घडीभरानं पाहतो, पुन्हा सरकला! म्हनलं, भाड्याचा माल, हलनारच. पुन्हा वळवला, पुन्हा साठवला. असं करत करत सांजपर्यंत अख्खं नाटक लॅपटॉपात बसवलं. छाती अशी फुगली होती माही!

पडदा वर गेला. पह्यला अंक… काय सांगू, एकेक उजेड असा बरोबर! हिंमतरावायनं विंगेत येऊन माही पाठ थोपटली. डोळ्यांत पानी आलं हो माह्या. दुसऱ्या अंकात हिंमतराव बोलून राह्यले अन् उजेड त्याईच्या अर्ध्याच तोंडावर. म्हनलं, चालते, दुःखी मानूस हाय. तिसऱ्या अंकाचं बटन दाबलं, अन् हिंमतराव मधोमध अंधारात, अन् विंगेच्या तोंडाशी रिकाम्या जमिनीवर काय सुंदर सोनेरी गोल पडलेला! तिथं कोनीच नाई. तिथंच बाजूले दुपारी पंखा होता!

तव्हा माह्या डोक्यात उजेड पडला. सकाळी थंड होतं, तंवर शरयू जाग्यावर होती. जसं ऊन तापलं तशी ती एकेक पाऊल पंख्याकडं, अन् तिच्या मांगं मांगं माहे लाइट! साऱ्या नाटकाचा शेवट म्या पंख्याच्या हवेत बसवला होता!

सारे लाइट एकदम लावाचं बटन होतं ना, काऊन नसंल! पन ते कुठी हाय हे भाड्यानं देनाऱ्याले माहीत, अन् तो गेला होता जेवाले. आता हिंमतराव मराले टेकले. काळ्याकुट्ट अंधारात. म्या विंगेतून म्हनलं, "भाऊ, उजेडात या!"

"मी मरून राह्यलो बे!" दातओठ खाऊन.

"इकडं येऊन मरा ना!"

मंग तो मरनारा बाप कोपरावर सरकत निघाला हो! एवढा धिप्पाड मानूस, धोतर एकीकडं, खोकत खोकत, अख्खं स्टेज पार करून त्या गोलात पोचला. अन् ऋत्विक वरडला, "बाबा!" त्या "बाबा"ले पुढचा नंबर होता… बोटाले काय समजते? दाबलं बटन! लाइट गेला अजून पलीकडं! हिंमतराव पुन्हा निघाले. पब्लिक हासू हासू बेजार. मांगून एक बाई वरडली, "अवो, त्या म्हाताऱ्याले कोनी धरा त खरं!" अन् म्या? म्या एवढंच म्हनलं होतं, जाग्यावर उभे राहा!

शेवटी लॅपटॉप सोडला अन् दोरीवर झडप घातली. हिंमतरावाचा हात उजेडात पोचला, अन् धाडकन पडदा! अशा टाळ्या, अशा टाळ्या…

मी शरयूवर खेकसलो, "तुले जाग्यावर उभं राहाले काय झालं होतं?" ती शांतपने म्हने, "दिवसभर तुमच्यासमोर उभी होती मी. ते मशीन असून मान वळवू वळवू माह्याकडं पाहत होतं. तुमी एक डाव तरी पाह्यलं?"

तेवढ्यात हिंमतराव आले, कोपरं सोललेले, म्हनलं आता खातेत मले. त्यायनं माहे खांदे धरले. "रमाकांत! लाइटनं त पार इज्जत घालवली. पन पडदा काय टाकला बे तू! परीक्षक सोता विचारून राह्यले, कोन हाय हा मानूस! लाइट काय, कोनालेबी देऊ. पडदा मातर जीवात जीव हाय तंवर तुहाच!"

म्हनून हात जोडून सांगतो राजेहो, ज्या कामातून सुटाचं असंल ना… ते काम लय चांगलं करू नोका.