शोभेचा पाळणा

...आणि वर मलाच विचारतात, "दोधू आबा, बरं शे ना?" अरे, बरं कुठून असणार! बसा, बसा, सांगतो. तापीमायची आण घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे... थोडं घडलं तेव्हा मी वावरात होतो, थोडं घडलं तेव्हा डोळा लागला होता, पण जे पाहिलं नाही ते मी जास्त नीट सांगतो, हे अख्ख्या कोरीटला ठाऊक आहे.

तुम्हाला सांगतो, पोरं उजवली की माणूस सुटतो असं ज्यानं सांगितलं ना, तो मला एकदा भेटू द्या!

आता आमचंच बघा. मुलगा उखा रेल्वेत चिकटला, जळगावला गेला. मुली सासरी गेल्या, आणि गेल्या त्या काय एकट्या गेल्या? थोरलीबरोबर तांब्याचा हंडा गेला, मधलीबरोबर परात गेली, समई गेली, आणि धाकटी जमना नवापूरला दिली तेव्हा द्यायला काही उरलंच नव्हतं, तर तिच्या आईनं झोपाळ्याच्या पितळी कड्या काढून दिल्या. झोपाळा सुतळीवर आला हो! घर असं मोकळं झालं की मी एकदा खोकलो तर तिन्ही खोल्या खोकायच्या.

मी म्हटलं, झालं, सुटलो. आता ओट्यावर पाय पसरून पडायचं. आणि त्याच दिवशी... बरं, त्याच वर्षी म्हणा, आमच्या कुटुंबानं, तुळशीबाईनं, नंदुरबारच्या बाजारात युसुफभाईचं दुकान पाहिलं.

युसुफभाई म्हणजे जुन्या सामानाचा व्यापारी. सुरतेकडे कुणाचं घर मोडलं, कुण्या साहेबाची बदली झाली, की सामान ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं थेट याच्या दारात. आणि प्रत्येक वस्तू एकाच घरातली! "भाभी, सूरत के बडे सेठ की कोठी का माल है, हाथ तो लगाके देखो!" आरसा? शेटचा. हंडी? शेटची. अहो, त्या शेटचं घर होतं की धर्मशाळा? आणि आरसा तरी कसला! त्यात माझं तोंड दुधीभोपळ्यासारखं लांब, आणि तुळशीचं मात्र पुनवेच्या चांदासारखं गोल. ती म्हणे, आरसा चांगला शे! मग ती काचेची हंडी, तडकलेली. मग चिनी मातीचा कुत्रा, एका कानाचा. मग हरणाचं डोकं, शिंगांसकट... आणि ते टांगलं कुठे, तर माझ्या जेवायच्या जागेसमोर. ताटात बघतं हो ते! घास मोजतं! भाकरी घशाखाली उतरत नाही माणसाच्या.

मी म्हटलं, "अगं, हे सगळं कशाला?"

तर म्हणते कशी, "इतला वरीस तुमना पोऱ्यासनं करं. जे लिन्हं ते त्यासनासाठे लिन्हं. आते माले जे आवडस, ते मी लिसू."

म्हणजे आजवर घेतलं ते पोरांसाठी, आता घेणार ते स्वतःच्या आवडीचं! तोंड उघडायला गेलो तर कुत्रा बघतोय, हरीण बघतंय, आणि आरशातून भोपळा बघतोय.

आणि म्हणे सुटलो!

इथवर मी सोसलं. पण मग आला पाळणा. गुजरातेतल्या संखेड्याचा, लाखेच्या रंगाचा, लाल-पिवळा, वर पितळी पोपट, पोपटांच्या पायांत घुंगरं. बैलगाडीतून अख्ख्या गल्लीला ऐकवत आला, छुम छुम, छुम छुम... आणि तुळशीनं तो बैठकीत आढ्याला टांगला. कशाला? तर शोभेला!

आता तुम्ही समजदार माणसं, तुम्हीच सांगा. ज्या घरात नवरा-बायकोचे मिळून एका माणसाचे दात उरलेत, त्या घरात पाळणा टांगला तर गाव काय म्हणेल? गावानं तुळशीकडे पाहिलं, तिचे केस पांढरे. मग गावानं माझ्याकडे पाहिलं... आणि मी लावतो कलप. झालं! दिवेलागणीपर्यंत माझं दुसरं लग्न ठरलेलं होतं. मुलगी शहाद्याकडची आहे, दिसायला नाकीडोळी बरी आहे, हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं. "काय आबा, वरात कधी?"

नाही म्हणायचं सोडून मी काय म्हणावं? "घोडं भेटू द्या!" थट्टा होती हो! पण कोरीटात केलेली थट्टा नंदुरबारला पोचते तेव्हा तिचं लग्न लागलेलं असतं, आणि नवापूरला उतरते तेव्हा तिला दिवस गेलेले असतात.

मिळेल त्या गाडीनं उखा हजर. पाया पडला नाही, पाणी घेतलं नाही. "बा, वावरमा आखो एक वाटा व्हई का?" अरे, शेतात आणखी एक वाटा पडेल का ते मागून विचार, आधी बापाची तब्येत तरी विचार! पण तो बोलता बोलता टाचा उंचावून पाळण्यात डोकावत होता... वाटेकरी येऊन पडलाय की काय!

हेही चाललं असतं. थट्टेनं कुणी मरत नाही. पण आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. जमनाची लग्नानंतरची पहिली आखाजी! तुम्हाला मी काय सांगू, आपल्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी आली नाही तर त्या घराला घर म्हणतात का? तुळशीनं आधीच लिंबाला झोका बांधून ठेवला होता, सांजोऱ्यांचा रवा दळून ठेवला होता. आणि नवापूरहून विहिणीचा निरोप आला. आमची विहीण रमिलाबाई, तिची मराठी गुजरातीत बुडवून काढलेली. "ज्या घरमां व्याही आ उमरमां बाशिंग बांधते, त्या घरी मी माझी सून नाय मोकलणार!" नाही पाठवणार. संपलं.

तुळशी... ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती हंडी पुसत बसली... पुसलेलीच हंडी परत पुसत बसली. हे मात्र मी पाहिलं. तेव्हा मी झोपलो नव्हतो.

गेलो मी युसुफभाईकडे. म्हटलं, बाबा रे, पाळणा घे परत. तर छातीवर हात ठेवून म्हणतो, "दोधूभाई, सेठ का माल वापस लेना उनकी रूह को तकलीफ देना है।" त्या शेटच्या आत्म्याला तकलीफ! आणि माझा आत्मा काय मोडीत काढलाय?

शेवटी आमची चुलती मध्ये पडली, भिकुकाकू. काकूला दिसतं कमी, पण अक्कल अशी की तहसीलदारानं उसनी न्यावी. म्हणाली, "आरे दोधू, रिकामा पायना घरमा टांगाना नही, अपशकुन व्हस. त्यामा पोऱ्या टाक."

"कुणाचा?"

"कोनाबी!"

आणि गेली, शेजारच्या लोटनचं तान्हं उचलून आणलं, ठेवलं पाळण्यात. म्हणे, आता सांगायचं, पाळणा गल्लीच्या लेकरांसाठी आणलाय, लग्नबिग्न काही नाही. गावाचं तोंड बंद, विहिणीचं तोंड बंद. मला पटलं! काकू तिथेच भिंतीला टेकून घोरायला लागली, तुळशी पाण्याला गेली, आणि पोर लागलं रडायला.

आणि बरोबर त्याच वेळी, हे असं माझ्याच नशिबात असतं, दारात गाडी थांबते आणि रमिलाबाई उतरते. जातीनं शहानिशा करायला! काय दिसतं तिला? घरात बायको नाही. पाळण्यात पोर. आणि कलप लावलेला मी, हातात दोरी, तोंडानं "जो जो रे बाळा"...

"हाय हाय! मी लगीन थांबवायला आली, तर इथे छोकरू बी झालं!"

मी म्हटलं, "विहीणबाई, हे शेजाऱ्याचं आहे हो!"

"शेजाऱ्याचं, तर मग तुमी कशाला हलवता?"

मी हलवत राहिलो. थांबवलं की रडत होतं ते!

मग तुळशी आली, घागर उतरवून तिनं सगळं सांगितलं. लोटनची बायको धावत आली, शेणाचे हात धुऊन पोराला पाजायला बसली, तेव्हा कुठे रमिलाबाईचा जीव थाऱ्यावर आला. हसली. गूळपाणी घेतलं. त्या आरशात तोंड पाहिलं, तर तिचंही गोल! खूश झाली. म्हणाली, पाठवते जमनाला. आणि आली हो जमना! आखाजीला झोक्यावर उभी राहिली ती अशी चढली, अशी चढली, की लिंबाच्या शेंड्यावरचा कावळा उठून शेजारच्या झाडावर गेला. आणि तिची आई खाली उभी राहून, "हळू वं माय, हळू"...

असो. पण माझं काय झालं ते ऐका. पाळणा गल्लीचा, हे गावानं मनावर घेतलं ना! आता निंदणीला निघाली की प्रत्येक बाई दारात, "आबा, जरा दखज्यात बरं," की पोर टाकून पसार. पाळण्यात एक, माझ्या खाटेवर आडवी लावलेली दोन, आणि एकाची झोळी हरणाच्या शिंगांना बांधलेली. ज्यानं माझ्या भाकरीवर नजर ठेवली ते हरीण आता माझ्यासारखंच राबतंय! आणि तुळशीबाई कुठे? नंदुरबारला. युसुफभाईकडे शेटचा नवा माल उतरलाय. स्वतःची पोरं वाढवताना मी कधी दोरीला हात लावला नव्हता... पोरं उजवली म्हणजे सुटलो म्हणे!

काय? यातलं खोटं कुठलं? मी बनवून सांगतो असं वाटतं तुम्हाला? आत जाऊन बघा, शिंगं खरी, झोळी खरी, काकू अजून घोरतेय तीही खरी. विहीण आली, हसली, गूळपाणी प्याली, आरशात गोल दिसली, तेही खरं...

जमना आली, तेवढं माझं.

नाही आली ती. रमिलाबाईला सगळं पटलं, आणि निघताना गाडीत बसून म्हणाली, "ह्या वर्षी घरी काम फार, पुढल्या आखाजीला बघू." गाडी गेली. सांजोऱ्या गल्लीतल्या पोरांनी खाल्ल्या. झोका तुळशीनं अजून सोडलेला नाही, मीही तिला सोड म्हटलं नाही.

मग आता गोष्ट जर मीच सांगतोय, तर तिच्यात तरी पोरीला माहेरी आणू नको का? तिथे कुठे विहिणीला विचारावं लागतं!