पाचवी रिकामी, सहावी लाल

...नाही, पण मला एक सांगा, माणसानं खाली खड्ड्यात उभं राहायचं आणि गाईला वर कट्ट्यावर चढवायचं, तेही पाठमोरं, म्हणजे तिचे मागचे खुर बरोब्बर आपल्या छातीशी आणि बाकीचं सगळं बरोब्बर आपल्या तोंडाशी, ही अक्कल कुणाची? दूध काढताना वाकावं लागत नाही म्हणे! अहो, वाकू की! मी जन्मभर वाकायला तयार आहे! पण या बाजूला वीस, त्या बाजूला वीस, चाळीस शेपट्या, ऐंशी मागचे पाय, आणि मधल्या बोळकांडीत मी! एकोणीस वर्षांचा! वेलिंग्टनचा! ज्यानं तोवर गाय बघितली ती गाडीच्या काचेतून, तीही गाडी ताशी शंभरनं पळत असताना!

आणि वर जो तो सांगतो काय? "घाबरू नकोस हं, रोरी. गाईला कळतं."

तुम्हाला सांगतो, या एका वाक्यानं माझं वाटोळं केलंय. नुसती गाईची भीती असती तर निभावून नेली असती हो, पण आता भीती वाटेल याचीही भीती! म्हणजे गोठ्याच्या दारातच मी मनाला सांगतोय, घाबरू नकोस, घाबरू नकोस, आणि मन म्हणतंय, का बरं? काय आहे आत?

तुम्ही म्हणाल, मग गुरांचा डॉक्टर व्हायला सांगितलं होतं कुणी? बरोबर आहे तुमचं. कुणीही नाही! सात वर्षांचा असताना मी शेजारणीच्या मांजराच्या पंजातला काटा काढला. एक काटा! आमची आई बस चालवते, तिनं दुसऱ्या दिवशी प्रत्येक थांब्यावर जाहीर केलं, "माझा रोरी जनावरांचा डॉक्टर होणार बरं का!" बारा वर्षं ती हेच सांगतेय. अर्ध्या शहराला ठाऊक झाल्यावर माघार घ्यायची कुठल्या तोंडानं? आणि खरं सांगू? मलाही व्हायचंच होतं हो. आजही व्हायचंय. माझ्या डोळ्यांसमोर फक्त मांजरं होती, एवढंच.

बरं, आमच्याकडे आधी अर्धं वर्ष निवडीचं असतं. पोरं अडीचशे, जागा शंभर. केमिस्ट्री, फिजिक्स, बायॉलॉजी, त्याचं मला काही नाही, पाठांतरात आपण कुणाला हार जात नाही. पण वर्गात माझ्या शेजारी बसायची ब्रॉनविन. तिच्या बापाच्या सहाशे गाई. ही बया जेवता जेवता सांगणार, "आज सकाळी वासरू ओढून काढलं, मागचे पाय आधी आले होते, दीड तास लागला... मीठ दे ना जरा." माझा घास तिथंच! अशा दीडशे ब्रॉनविन होत्या हो वर्गात!

आणि मार्कांच्या जोडीला एक कागद लागतो. गुरांच्या डॉक्टरबरोबर दहा दिवस काम करायचं, दहाव्या दिवशी डॉक्टरनं सही करायची. नुसती सही असती तर हरकत नव्हती. सहीच्या वर एक रकाना आहे, 'उमेदवार जनावरांमध्ये कसा वावरतो?' तिथं वेडंवाकडं काही लिहिलं गेलं की मार्क गेले चुलीत! हा रकाना मला स्वप्नात दिसायचा. रिकामा! डोळे वटारून बसलेला!

तर एप्रिलच्या सुट्टीत मी तारानाकीला, न्यूझीलंडचा दुधाचा मुलूख तो, तिथं हेदर नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, बुटक्या, दिवसाला मोजून वीस शब्द बोलणाऱ्या. नऊ दिवस बरे गेले. कुत्री झाली, मेंढ्या झाल्या, एका पोपटाची नखंसुद्धा कापली. मी मनात म्हणतोय, एक दिवस राहिला, गाय काही येत नाही... आणि दहाव्या दिवशी गाडीत बसता बसता हेदर म्हणतात, "आज मर्वकडे. तीनशे गाई."

तीनशे!

मर्व दारातच उभा. सत्तरीचा शेतकरी, गुडघ्यापर्यंत गमबूट, अर्धी चड्डी, थंडी असो की गारा पडोत, अर्धीच चड्डी. मला खालून वर बघितलं.

"शहरातला काय रे?"

"हो."

"घाबरतोस?"

"छे छे!"

"बरं," म्हणाला. "गाईला कळतं हो."

आणि काय सांगू तुम्हाला, मी त्या खड्ड्यात पाऊल टाकायला आणि चाळीसच्या चाळीस शेपट्या वर व्हायला एकच गाठ! गोठ्यात परका माणूस आला की गाई बावरतात आणि बावरल्या की पोट मोकळं करतात, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मर्वला ठाऊक होतं. तो नुसता दोन पावलं मागं सरकला. तिथंच मला उमजायला हवं होतं!

आता काम काय, तर कुठली गाय गाभण आहे नि कुठली नाही ते तपासायचं. हेदरच्या डोळ्यांवर हा एवढा चष्मा, त्यातच पडदा. हातात सोनोग्राफीची काठीएवढी नळी, ती गाईच्या मागून आत. पोटातलं वासरू चष्म्यात दिसतं. त्या ओळीनं भराभर सांगत जाणार, "नऊ आठवडे... अकरा... दहा... रिकामी." रिकामी म्हणजे पोटात वासरू नाही. आणि रिकामी म्हटलं की मी माझ्या हातातल्या डब्यातून त्या गाईच्या पुठ्ठ्यावर लाल रंगाचा फवारा मारायचा. बास. इतर ठिकाणी कानातले बिल्ले वाचतात, मशीनवर नोंदतात. मर्वचं तसं नाही. "कान तिकडं पुढं, आपण इकडं मागं. मला रंग दिसतो, पोरा. लाल दिसली की ट्रकमध्ये." ट्रक कुठला? कत्तलखान्याचा. साडेदहाला यायचा होता. वर्षभर रिकाम्या गाईला गवत घालणं इथं कुणाला परवडत नाही.

म्हणजे बघा! केमिस्ट्रीत चूक झाली तर मार्क जातो. इथं माझ्या बोटाखाली जीव!

पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. मी भिंतीला पाठ लावून पुढं सरकायचो, हात लांब करून फवारा मारायचो, परत भिंतीला. सहावी ओळ आली. हेदर म्हणाल्या, "पाच... रिकामी. सहा... दहा आठवडे." मी पाचवीच्या मागं जातोय, हात वर केलाय, आणि सहावीनं शेपूट उचलली. मी म्हटलं, नको गं, नको... धप्पकन! कपाळापासून हनुवटीपर्यंत! डोळे मिटले, बोट दाबलं गेलं. डोळे पुसून बघतो तर लाल रंग सहावीवर! दहा आठवड्यांच्या गाभणीवर! आणि पाचवी कोरी करकरीत!

मग मी काय केलं असेल? शहाण्या माणसानं ओरडायला हवं होतं. मी पटकन पाचवीवरही फवारा मारला. म्हणजे आता दोन लाल! आणि ओरडायला तोंड उघडलं, तर आत काय गेलं ते विचारू नका. तोंड मिटलं. एवढ्यात पुढचं फाटक उघडलं, वीस गाई निघाल्या बाहेर. मी त्या फाटकाकडं बघतोय, हेदरकडं बघतोय, आणि मला दिसतोय तो रकाना! 'उमेदवार जनावरांमध्ये कसा वावरतो?' डोळे मिटून गाभण गाय मारतो!

म्हटलं, पुढच्या ओळीनंतर सांगू. मग म्हटलं, त्याच्या पुढच्या. एक चूक सांगायला जितका उशीर, तितकी ती फुगते हो! पंधरा ओळी संपल्या, मर्वनं फाटकाशी उभं राहून लाल तेवढ्या बाजूच्या वाड्यात वळवल्या, आणि आम्ही चहाला घरात. बूट दारात, मोज्यांवर स्वयंपाकघरात. टेबलावर चीज घातलेले गरम स्कोन, म्हणजे जाडजूड गोल पाव. मर्व म्हणतो, "खा रे, लाजू नकोस, तू काही पडला-बिडला नाहीस, मला वाटलं होतं पडशील." आणि हेदरनी माझा कागद काढला! पेनचं टोपण काढलं!

आता ऐका माझ्या मनाचा नीचपणा. मन म्हणालं, रोरी, आधी सही होऊ दे. दोन मिनिटं. मग सांग. सही झाल्यावर कोण खोडतंय? मी चहाकडं बघत बसलो. हेदर सावकाश तारीख घालताहेत, बाई कुठली घाई म्हणून करत नाहीत... आणि बाहेर ट्रक मागं घेतल्याचा आवाज. मग गाई वर चढवायची त्याची लोखंडी फळी खाली पडल्याचा खण्ण आवाज.

मला काय झालं मला माहीत नाही. मी उठलो तो थेट अंगणात, मोज्यांवर, चिखलातून, फाटकावरून उडी टाकून त्या वाड्यात, गाईंच्या गर्दीतून कोपरानं वाट काढत फळीपुढं जाऊन हात पसरून उभा! ओरडतोय, "थांबवा! एक गाभण आहे! मी चुकून रंगवली! मी!" पहिली गाय फळीवर एक पाय ठेवून माझ्याकडं बघतेय. तिला म्हटलं, "हो मागं!" आणि ती झाली हो मागं! गाईला कळतं म्हणे! मी पायांपासून केसांपर्यंत लटपटत होतो, तिला काही कळलं नाही!

ट्रकवाला म्हणाला, "कुठली?"

कुठली! सगळ्या काळ्या, सगळ्यांच्या पुठ्ठ्यावर लाल. बत्तीस पुठ्ठे! मी तिचं तोंड बघितलंच नव्हतं, मी जे बघितलं होतं त्यावरून कुणाला ओळखता येत नाही!

बत्तीसच्या बत्तीस परत गोठ्यात. हेदरनी चष्मा चढवला, नळी उचलली. मर्वनं फाटक लावलं. ट्रकवाला मात्र बोलला, भरपूर बोलला, "मला अजून तीन ठिकाणी जायचंय, आणि या लेकाच्या पायात साधे बूटसुद्धा नाहीत!" मी खड्ड्यात उभा, प्रत्येक 'रिकामी' बोटांवर मोजतोय. सापडली नाही तर? रिकामी... रिकामी... एकोणिसावीला हेदर थांबल्या. "दहा आठवडे."

मर्वनं तिच्या लालवर निळी फुली मारली, तिच्या पाठीवर एक थाप दिली, म्हणाला, "वाचलीस गं बाय." ट्रकवाला म्हणतो, "सापडली ना? चला, भरा!"

हेदर म्हणाल्या, "उरलेल्याही बघते."

वीस, एकवीस, बावीस... सत्ताविसावीला त्या पुन्हा थांबल्या. नळी फिरवली. पुन्हा फिरवली.

"सात आठवडे," म्हणाल्या. हळू म्हणाल्या.

आता ही कुणाची? मी डोळे मिटले ते एकदाच! आईशप्पथ एकदाच! बाकीच्या सगळ्या मी डोळे फाडफाडून रंगवल्या होत्या, ज्यांना रिकामी म्हटलं त्याच! मी हेदरकडं बघितलं. त्या चष्म्याआड डोळे दिसत नाहीत. मर्वनं माझ्याकडं बघितलं, हेदरकडं बघितलं, मग छपराकडं बघितलं, आणि म्हणाला, "पाऊस येणार बहुतेक." आणि निळी फुली मारली.

ट्रक तीस गाई घेऊन गेला. आम्ही गाडीपाशी आलो. हेदरनी कागद बॉनेटवर ठेवला आणि पेन हातात धरून नुसत्या उभ्या. मी म्हटलं, "हेदर, ती दुसरी... माझीच असेल ना?"

"माहीत नाही," म्हणाल्या. आणि मग त्या दहा दिवसांत बोलल्या नव्हत्या तेवढं एका दमात बोलल्या. "बावीस वर्षं झाली मला या कामात. अजून ट्रक निघाला की पोटात गोळा येतो. जेवायला बसले की आठवतं, ती चौथी नीट बघितली होती का मी? आज तू पळत सुटला नसतास, तर ती सात आठवड्यांची गेली होती. आणि मला कळलंही नसतं."

मी म्हटलं, "मग हा गोळा जातो कधी?"

"जात नाही," म्हणाल्या, आणि रकान्यात लिहायला लागल्या.

मी उलटं वाचलं. एवढंच लिहिलं होतं, 'घाबरतो. चालेल.' आणि खाली सही.

तुम्हाला सांगतो, मी त्या दिवसापर्यंत अशा समजुतीत होतो, की ही भीती म्हणजे प्रवेशापुरती आहे. गोवरासारखी. एकदा येऊन गेली की सुटलो. परीक्षा होईल, सही होईल, निवड होईल, मग मी ताठ मानेनं खड्ड्यात उतरेन आणि गाईला काही म्हणजे काही कळणार नाही. आणि ही बाई, बावीस वर्षं मुरलेली डॉक्टर, तीनशे गाईंच्या शेणानं माखलेली, सांगते, जात नाही!

जुलैत पत्र आलं. शंभरात माझं नाव. शहाण्णवावं, पण आलं! मी आईला फोन लावला, म्हटलं, "आई, झाली निवड." ती बस कडेला घेऊन रडायलाच लागली. आनंदानं. मग मीही रडायला लागलो, डोळ्यांसमोर चाळीस शेपट्या. ती हुंदके देत म्हणाली, "बघ रे, किती खूश आहोत दोघं!"

म्हटलं, "हो गं."