जुन्या गिऱ्हाइकाचा भाव

आदरणीय अध्यक्ष फव्वाज साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, गोदामातली कामं थांबवून आलेले सहकारी, आणि आजच्या सत्कारमूर्ती नुहादबाई,

एकोणीस वर्षं आपल्या दुकानाची दरपत्रकं बाईंच्या हातून गेली. आधी जबल अल-हुसैन भागातल्या गाळ्यात कागदावर, मग इंटरनेटवर. त्यांच्याविषयी चांगलं सगळे बोलले. मला एक वाईट गोष्ट सांगायची आहे, आणि ती माझी आहे.

चार वर्षांपूर्वी मी नवी भावपद्धत आणली. नवं गिऱ्हाईक आलं की दर कमी दाखवायचा. जो दरमहा हमखास घेतो, त्याचा थोडा थोडा चढवत न्यायचा. तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्यात, आठवतंय?

एका सकाळी बाई माझ्या टेबलापाशी आल्या. "मुंतसिर, झर्का शहरातून आपल्या जुन्या गिऱ्हाईक उम्म हाजिमचा फोन होता. नवरा अंथरुणाला खिळलाय, त्याच्यासाठी दरमहा डायपर घेतात. त्याच पाकिटाला त्यांना चौदा दिनार, शेजारीण काल पहिल्यांदा आली तर तिला नऊ. का रे?"

"इतके दिवस तक्रार नव्हती त्यांची."

"विश्वास होता म्हणून नव्हती. त्या विश्वासाचे पाच दिनार लावलेस होय?"

मी हसलो. हो, हसलो.

पुढच्याच आठवड्यात उम्म हाजिमनी दोन्ही दरांचे फोटो फेसबुकवर टाकले. चौकशी बसली. मी म्हणालो, "दरपत्रक भरताना नुहादबाईंची चूक झाली." एवढं एकच वाक्य. बाईंना ताकीदपत्र मिळालं. मला? मला विभागप्रमुख केलं.

जिन्यात मी त्यांना विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतंस. कॉल सेंटरमधल्या त्या नव्या पोरींपैकी एखादीचं. माझ्या वयाला एक ताकीद पेलते, बाळा."

त्यानंतर बाई जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करून सांगत, 'नव्या नावानं खातं उघडा, स्वस्त पडेल.' मला ते ठाऊक होतं. थांबवायला तोंड नव्हतं, आणि पद्धत बदलायची हिंमतही नव्हती.

दुहेरी दर मी काल बंद केले. आज सकाळी लेखी कबुली अध्यक्षांना दिली. साहेबांचा चेहरा मघापासून असा का आहे, ते आता कळलं असेल. ताकीदपत्र रद्द करा, असं त्यात लिहिलंय. माझ्या नोकरीचं काय ते साहेब ठरवतील.

बाई, मान हलवू नका. मला बोलू द्या.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. या भाषणात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. ते एक वाक्य मात्र, बाई, तुम्ही चार वर्षं पोटात घातलंत. आता घालू नका.