ठरावातलं बेट

वैजिनाथ : अगं, सही कर अन् मोकळी हो. आश्रुबा काय आज पहिल्यांदा वही घेऊन आलाय का?

गंगासागर : न्हाई की. तीन वर्षं झाली, येतेत. मी भाकरी थापत असते, ते पान धरतेत, मी पिठाच्या बोटानं सही करते. आज भाकरी लवकर झाल्या. म्हणलं, सही कशावर करायलेय ते वाचावं तरी.

आश्रुबा : वाचा की वहिनी. संस्थेचा सचिव हाय मी, लपवायचं काय? विषय क्रमांक तीन. 'धरणातील बेटावर पर्यटन केंद्र सुरू करणेबाबत. संचालक मंडळाने सोमवार-मंगळवार असे दोन दिवस बेटावर मुक्काम करून सदर बेटाची प्रत्यक्ष पाहणी करणे. जाणे-येणे संस्थेच्या बोटीने.' सर्वानुमते मंजूर.

गंगासागर : बोटीनं?

आश्रुबा : बोटीनं.

गंगासागर : आश्रुबाभाऊ, धरणात पाणी किती हाय?

आश्रुबा : ते विषयपत्रिकेवर न्हाई, वहिनी. तसं हाय थोडं मधी. म्हशी बसतेत तेवढं.

गंगासागर : मग बोट कशावर चालणार?

आश्रुबा : ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलीय. अध्यक्षसाहेब म्हणले, ठरावात बोटीनं लिहिलंय ना, मग संचालक बोटीत बसतील अन् बोट ट्रॉलीत. ठराव बी मोडत न्हाई, पाय बी मळत न्हाईत. लाइफ जाकीट मात्र घालणं सक्तीचं हाय. फोटो काढायचेत.

गंगासागर : घालाच. धरणाच्या भेगा लई खोल गेल्यात. एखादा संचालक बुडायचा.

वैजिनाथ : चेष्टा कर तू. पाणीवापर संस्था आमची, अन् पाणीच न्हाई तर वापरावं काय माणसानं? अध्यक्षानं डोकं चालवलं. उद्या पाऊस झाला की लोक येतील बेट बघायला. अन् जरा दोन दिवस हवापालट. टँकरमागं पळून पळून जीव विटलाय.

गंगासागर : कुणाचा? तुमी कवा पळालात टँकरमागं?

वैजिनाथ : बघत तर असतो ना दुकानातून.

आश्रुबा : वहिनी, तेवढी सही झाली असती तर... अकरा संचालक. त्यातले पाच कडा गावाला लग्नाला गेलेत. पाच सह्या झाल्या. सहावी तुमची झाली की कोरम भरला.

गंगासागर : म्हणजे मी सही न्हाई केली, तर दौरा न्हाई?

वैजिनाथ : तू कावून करणार न्हाईस? दौऱ्याला मी चाललोय.

गंगासागर : संचालक कोण हाय?

वैजिनाथ : तूच. महिला राखीव जागा हाय म्हणून नाव तुझं. बैठकीची तसदी माझी. दोन्ही महिला संचालकांच्या घरी असंच हाय, इचार आश्रुबाला.

गंगासागर : इचारायचं कशाला? महाबळेश्वरला बी अशीच जाऊन आले मी. ते बघा भिंतीवर प्रमाणपत्र. 'श्रीमती गंगासागर यांनी स्ट्रॉबेरी लागवडीचा यशस्वी अभ्यास केला.' शेजारची केशरबाई इचारत व्हती, तिथं थंडी लई असती का गं? म्हणलं, मला तर न्हाई बाई वाजली.

वैजिनाथ : जॅमची बाटली आणली व्हती की तुला.

गंगासागर : आणली व्हती. सोमवारी, कडक उपासाच्या दिशी उघडून म्होरं ठेवलीत. उद्या बी सोमवारच हाय. बेटावर काय शिजणार, आश्रुबाभाऊ?

आश्रुबा : मटणाचा रस्सा हाय. पण महादेवाचं बेट, सोमवार, हे सगळं ध्यानात घेऊन रस्सा बेटावर न्हाई, बेटाच्या अलीकडं शिजवायचा ठरलाय.

गंगासागर : बेट संपतं कुठं अन् अलीकडं सुरू कुठं व्हतं?

आश्रुबा : तीच अडचण हाय. पाणी असतं तर कळलं असतं.

गंगासागर : तुमी सगळे बेट बेट करायलात. ते बेट न्हाई. आमच्या गावचं टेकाड हाय. वर महादेव, पायथ्याला आमची घरं. पाणी आलं तवा गाव बुडालं, टेकाड तेवढं वर ऱ्हायलं.

आश्रुबा : वहिनी! म्हणजे तुमचं माहेर त्या बुडीत गावातलं? अण्णा कधी बोलले न्हाईत.

वैजिनाथ : त्यात बोलायचं काय? दगडं अन् गाळ.

गंगासागर : चैतात साखराबाईचा सांगावा आलता. तिचं घर आमच्या घराला लागून व्हतं. म्हणली, गंगे, भिंती गेल्या, पण तुमच्या दाराचा दगडी उंबरा हाय तसा उघडा पडलाय. यांना म्हणलं, एक दिवस न्या मला.

वैजिनाथ : मी न्हाई म्हणलो का? म्हणलो, पाऊस पडू दे, बोटीनं नेतो.

गंगासागर : पाऊस पडल्यावर उंबरा दोन पुरुष खोल पाण्याखाली. मग मी हळदकुंकू काय बोटीतून फेकू?

आश्रुबा : उंबऱ्याला हळदकुंकू?

गंगासागर : आमच्या घरात लेक सासरी निघताना उंबऱ्याला हळदकुंकू वाहून निघायची. आजी म्हणायची, त्याबिगर उंबरा लेकीला सोडत न्हाई. ताट घेऊन आई दारात उभी व्हती. तेवढ्यात हे नवरदेव बाहेरून ओरडायले, चला चला, नेकनूरची एस्टी चुकंल! आई म्हणली, जा बाई, पंचमीला येशील तवा वाहा. पंचमीला भाऊ न्यायला आला, तो पत्र्याच्या शेडात घेऊन गेला. गावात पाणी शिरलं व्हतं.

वैजिनाथ : पस्तीस साल झाले. अजून तीच एस्टी.

गंगासागर : न्हाई तर काय. तुमची एस्टी कवाच पोचली. मी अजून दारातच हाय.

आश्रुबा : अन् बुधवारी तर वरच्या धरणाचं पाणी आपल्या धरणात सुटायलंय, पिण्यासाठी. म्हणून तर दौरा सोमवार-मंगळवार धरला.

गंगासागर : ठाव हाय मला. म्हणूनच आज वही वाचली. भाऊ, गावातल्या बाया रोज महादेवावर तांब्याभर पाणी घालतेत, पाऊस पाड म्हणून. मी बी घालते. नेम चुकवला न्हाई. पण तीन महिने झाले, माझ्या तोंडून मागणं निघत न्हाई. नुसता तांब्या वततेय अन् मुकाट घरी येतेय. गाव तहानलेलं, अन् मी मनात म्हणते, थांब रे देवा थोडं. लाज वाटती सांगायला.

वैजिनाथ : हे मला कधी बोलली न्हाईस.

गंगासागर : विषयपत्रिकेवर नव्हतं.

आश्रुबा : मग वहिनी... सहीचं कसं करायचं?

गंगासागर : करते की. पण इथं न्हाई. तुमीच लिहिलंय, 'प्रत्यक्ष पाहणी करणे'. तर आधी पाहणी करते, मग तिथं बेटावर बसून सही करते. चालतंय का नियमात?

आश्रुबा : सही कुठं बसून करायची, याबाबत नियम मौन हाय.

वैजिनाथ : बे आश्रुबा, तू बी हिच्या बाजूनं व्हय? मग मी कुठं बसू बोटीत?

आश्रुबा : अण्णा, संचालक स्वतः हजर असल्यावर प्रतिनिधी कशाचा? सदर प्रकार कोणी लिहून धाडला म्हंजे उत्तर मला द्यावं लागतंय.

वैजिनाथ : अन् दुकान? घर?

गंगासागर : दुकानात तुमी बसा. टँकर साडेनवाला येतो. चार घागरी, नंबर केशरबाईच्या मागं. ती नंबर मोडू देत न्हाई, तिच्याशी हुज्जत घालू नका. चुंबळ खुंटीला हाय.

वैजिनाथ : मी डोक्यावर घागर घेऊ?

गंगासागर : खांद्यावर घ्या. ठराव न्हाई तसा.

आश्रुबा : तर वहिनी, उद्या सकाळी सातला शाळेपाशी. जाकीट आणतो तुमच्यासाठी. नारंगी हाय.

गंगासागर : आणा. इरकलीवर शोभंल. अन् अध्यक्षसाहेबांना सांगा, ट्रॉली आधी टेकाडाच्या पायथ्याला थांबवायची. रस्सा मग.

(आश्रुबा वही काखेत मारून निघून जातो.)

वैजिनाथ : खरंच जाणार तू? गाळ असंल खाली.

गंगासागर : असू दे.

वैजिनाथ : उंबरा वळखशील? सगळे दगड सारखेच दिसतेत.

गंगासागर : डाव्या अंगाला टवका उडालाय. बाबांची कुऱ्हाड पडली व्हती.

वैजिनाथ : ताट कोणतं नेणार?

गंगासागर : आईचंच. शेडातून तेवढं आणलंय मी.

वैजिनाथ : हं. घासून देऊ का?

गंगासागर : चिंच संपलीय. दुकानातून आणा थोडी.

वैजिनाथ : आणतो... गंगे, एक सांगू? ती एस्टी त्या दिशी तासभर उशिरा आलती.

गंगासागर : ठाव हाय. तुमच्या शेजारीच बसले व्हते की मी, पेटीवर.