गुडघ्याची लवण

बाबा गेल्यानंतर त्यांचे राहिलेले रिपोर्ट घ्यायला मी तपासणी केंद्रात बसले होते. शेजारी एक आजोबा स्वतःचा रिपोर्ट हातात धरून बसले होते. त्यांची बायको डॉक्टरांना विचारून बाहेर आली.

“ऐकलंत? पॉप्लिटियल म्हणजे गुडघ्याच्या मागचं. आपली लवण हो!”

“एवढंच?”

“एवढंच. लवणीत पाण्याची गाठ झालीय. साधी आहे, जिरेल म्हणाले.”

“मग गाठीला एवढं भारी नाव कशाला?”

“नाव गाठीचं नाही, जागेचं. तिथल्या रक्तवाहिनीलाही पॉप्लिटियलच म्हणतात. आणि तुम्ही हा कागद आठ दिवस उशीखाली घेऊन झोपलात!”

“तुला घोर नको म्हणून.”

“म्हणून मला गॅसची टाकी बदलायला शिकवलीत होय? मला वाटलं, म्हातारपणी शहाणपण सुचलं.”

“अगं, पण मी माझी सायकल तुझ्या भावाला देऊन टाकली.”

“काय सांगून?”

“माझी आठवण म्हणून ठेव, म्हटलं.”

“अरे देवा! रडला असेल तो.”

“छे! घंटी वाजवत गेला.”

“उठा. आधी सायकल आणू.”

“दिलेली वस्तू परत कशी मागायची?”

“मी मागते. सांगते, ज्याची आठवण ठेवायची तो माणूस अजून घरातच आहे.”