आंघोळीचं चित्र

...नाही नाही, बसा देवेंद्रजी, खुर्ची लहान आहे पण मोडत नाही – मीही ह्यावरच बसते, म्हणून तर मैत्रिणी म्हणतात, मेघना, तुझी प्रगती खालच्या दिशेनं चाललीय. हां, तर तुमची अनुया. नापास वगैरे नाही हो, पहिलीत कुणाला नापास करत नाहीत. फक्त तिला परत केजीत बसवावं म्हणतेय मी. अशा मुलांची यादी आजच प्रिन्सिपल मॅमकडे जायचीय, ह्या फॉर्मवर तुमची सही हवी. तुम्ही सारखं घड्याळ बघताय – कळतं मला, कामं असतात, दोनच मिनिटं.

हे बघा, ही चार चित्रं. मीच काढलीत. हसा, हसा – बादली ढोलकीसारखी झालीय आणि ह्या मुलीचा हात दोनदा वाकतो. पण वर प्लास्टिक चढवून घेतलंय, म्हणजे चुका आता टिकाऊ झाल्या. उठणं, आंघोळ, जेवण, शाळा. मुलांनी ती ओळीनं लावायची – आधी काय, मग काय, शेवटी काय. हे जमलं की गोष्ट सांगता येते, गोष्ट आली की वाचनाची गोडी लागते. बी.एड.ला मी ह्यावर तासभर बोलले होते, बक्षीसही मिळालं. क्रम शिकवणारी कोण, तर मी – जिनं चांगली नोकरी सोडताना आधी राजीनामा दिला, मग बाबांना सांगितलं, आणि विचार सगळ्यात शेवटी केला. कॉलनीत माझी ओळख करून देताना बाबा अजून खोकतात.

तर अनुयानं काय केलं? उठली, जेवली, शाळेत गेली, आणि आंघोळ शेवटी. म्हटलं, बेटा, नीट बघ. तिनं नीट बघितलं आणि पुन्हा तसंच लावलं. 'पहले स्कूल, फिर नहाना, मॅम.' वर्ग हसला. मी नाही – म्हणजे, थोडी. म्हटलं, छी, बिना नहाए स्कूल आती हो? गमतीतच म्हटलं. तेव्हापासून, आठ दिवस झाले, ती चित्रांना हात लावत नाही, हात पाठीमागे धरून बसते. मग मी फॉर्मवर लिहिलं, 'घटनांचा क्रम समजत नाही.' मग नाही – त्याच दिवशी लिहिलं खरं तर, मधल्या सुट्टीत. आठ दिवस वाट पाहिली हे मी नंतर जोडलं. हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? सोडा. तुम्हीच लावून बघा ना. एक मिनिटाचं काम.

हं. उठणं. जेवण. शाळा. देवेंद्रजी, तुम्हीसुद्धा? अहो, मग आंघोळ – काय? नळ? तुमच्या ओरछा गेट मोहल्ल्यात सकाळी पाणी येतच नाही? दुपारी तीनला, अर्धा तास. म्हणजे ती शाळेतून येते, बादल्या भरतात, आणि मग. हो. मग.

आमच्या कॉलनीत टाकी आहे. मी नळ चालू ठेवून दात घासते. आणि रोज सकाळी तुमच्याच गल्लीतून स्कूटी काढते – घराघरापुढे रिकामे डबे मांडलेले, मला वाटायचं, काय हा पसारा. ती तीनच्या नळाची रांग होती. मला रांग ओळखता आली नाही, आणि मी रांग लावायला शिकवते. का गं, एवढंच विचारायचं होतं तिला. नाही विचारलं. चित्रांच्या मागे आकडे घातलेत ना मी, उलटून बघा – आंघोळ, दोन नंबर. उत्तर माझ्याकडे आधीच होतं.

घरी काही म्हणाली का ती? ... सकाळी आंघोळीला पाणी मागते? आठ दिवस? पण सकाळी घरात उरलेलं ते तर प्यायचं असेल. आणि तुम्ही काय करता? ... तांब्याभर.

फॉर्म द्या इकडे. नाही, सही नको. वर जाऊन मीच सांगते, कुणाला क्रम समजला नाही ते. आणि उद्या अनुयाला म्हणावं – नको, तुम्ही काही म्हणू नका, मी म्हणेन, सगळ्या वर्गासमोर. तुम्ही उठा. पावणेतीन झाले, जा ना, नळ येईल.