आमचं स्टेशन पुन्हा विकलं हो!

...आणि वर मलाच विचारतात, 'ताई, तुम्हाला बदल सोसत नाही का हो?' मला? अहो, मला विचारता? एका खुर्चीत बसून, एका माइकसमोर, त्याच एका खिडकीतून बाहेर बघत मी किती मालक पचवले, आहे माहीत? मालक बदलले, पाटी बदलली, भिंतीचा रंग बदलला, पण खुर्चीचा पाय काही कुणी बदलला नाही, त्याच्याखाली अजून पुठ्ठ्याची घडी आहे! आणि दर वेळी, तुम्हाला सांगते, दर वेळी मी छाती पुढे काढून एकच म्हटलं... मालक कुणी का असेना, बोलणार तर मीच ना!

तुम्ही नवीन दिसता म्हणून पहिल्यापासून सांगते. आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे बॅटरीच्या दुकानावरची माडी. खाली गाड्यांच्या बॅटऱ्या, वर मी. दोन्हींचे मालक बॅटरीकाका. सकाळचा कार्यक्रम माझा, आणि त्याची सुरुवात ठरलेली, 'उठलात का?' बस्स. नमस्कार नाही, सुप्रभात नाही, सरळ 'उठलात का?' मग कुठल्या गल्लीत आज पाणी नाही, कुणाचा कुत्रा पळाला, सलूनमध्ये छत्री कोण विसरलं, कुणाच्या मुलीला नोकरी लागली... मधेच एखादं गाणं, ते पण मला चहाचा घोट घेता यावा म्हणून! अख्खं गाव ऐकायचं. आणि काकांनी कधी, कधी म्हणून माझ्या बोलण्यात बोट घातलं नाही. मला वाटायचं, काय विश्वास आहे या माणसाचा आपल्यावर!

एक दिवस काका जिना चढून वर आले. धापा टाकत बसले. म्हणाले, 'पोरी, स्टेशन विकलं मी.'

म्हटलं, 'का हो?'

'अं?'

'का विकलं म्हणते!'

'अगं, मला ऐकूच येत नाही. ऐकू न येणाऱ्यानं रेडिओ ठेवून करायचं काय?'

मी कानाशी ओरडले, 'कधीपासून येत नाही?'

'झाली की बरीच वर्षं!'

घ्या! म्हणजे विश्वासबिश्वास काही नव्हता, या माणसानं मला कधी ऐकलंच नव्हतं! पण मी डगमगले? छे! मालक कुणी का असेना, बोलणार तर मीच ना!

तर आली कंपनी. कंपनी म्हणजे कोण, ते आजतागायत कुणी पाहिलेलं नाही. कंपनीनं पाठवला एक साहेब. इस्त्रीचा शर्ट, बुटाला धूळ नाही, आणि तोंडात एकच वाक्य, 'संशोधन सांगतं.' चहा घेणार का विचारलं तरी, 'संशोधन सांगतं, सकाळी चहा टाळावा.' मी नावच ठेवलं, संशोधनसाहेब. तर साहेब म्हणाले, 'ताई, संशोधन सांगतं, लोकांना प्रेम हवंय. आजपासून चोवीस तास प्रेमगीतं. तुम्ही आवाज जरा... मखमली करा.'

मखमली! माझा आवाज! आमच्या सासूबाई म्हणतात, तू स्वयंपाकघरातून हाक मारलीस की फाटकाबाहेरचा पोस्टमन दचकतो! पण म्हटलं, बघाच. लावला मखमली. 'प्रियजनहो... आज वरच्या गल्लीत... पाणी... येणार नाही... त्याच्या विरहात... बादल्या भरून ठेवा...' अहो, साहेबांना पत्ता नाही! त्यांना वाटलं कविता आहे! गाणं संपायच्या आत फोन वाजला. मला वाटलं कुणी रसिक. तर सासूबाई! 'घसा बसलाय ना? सांगत होते पंख्याखाली झोपू नकोस. गरम पाणी पी आधी!' ...आणि माइक चालू राहिला होता हो, सगळ्या गावानं ऐकलं! दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात जो भेटेल तो, 'घसा कसा आहे?'

आता जरा कुठे मखमलीची सवय होतेय, तर कंपनी विकली! दुसऱ्या कंपनीनं पहिलीला घेतलं. साहेब मात्र तेच. नुसता खिशावरचा बिल्ला बदलून आले. 'ताई, संशोधन सांगतं, प्रेम संपलं. आता फक्त खेळ.' मला खेळातलं काय कळतंय? चेंडू गोल असतो, इथे माझं ज्ञान संपतं! पण घाबरेल ती मी कसली? 'श्रोतेहो, वरच्या गल्लीविरुद्ध नळ असा अटीतटीचा सामना... नळानं तोंड उघडलंय... आणि... नाही! एक थेंब नाही! नळाचा दणदणीत विजय!' लोक घरात टाळ्या वाजवत होते म्हणे. वरची गल्ली सोडून.

मग तीही कंपनी विकली. बिल्ला बदलला, साहेब तेच. या वेळी मात्र खुर्चीत टेकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, 'ताई, संशोधन सांगतं, लोकांना बोलणं नकोच आहे.'

म्हटलं, 'मग काय हवंय?'

'नुसतं संगीत. मुख्य कार्यालयातून आपोआप येईल. इथे माणूस लागणार नाही.'

आता तुम्ही म्हणाल, या वेळी काय म्हटलंत ताई? काय म्हणणार! तोंड उघडलं... मालक कुणी का असेना... आणि पुढचं आता लागूच पडत नव्हतं. माझा कप घेतला, चष्म्याचं घर घेतलं, आणि जिना उतरले. खाली काका म्हणाले, 'आज लवकर सुटलीस?' आता त्यांना काय ओरडून सांगू? मान हलवली आणि गेले.

घरी सकाळी जाग यायची ती यायचीच. आमचे हे समोर चहा पीत बसलेले. मी म्हणायची, 'उठलात का?' हे म्हणायचे, 'अगं, समोर बसलोय ना!' आणि पुन्हा कपात. चांगला माणूस आहे, पण श्रोता म्हणून, तुम्हाला सांगते, अगदीच कच्चा.

अशीच एकदा त्या रस्त्यानं चालले होते. स्टेशनच्या अगदी समोर, दुसऱ्या मजल्यावर आमच्या हेडबाई राहतात. शाळेच्या. निवृत्त, एकट्या, आणि अजूनही गावातला निम्मा पुरुषवर्ग त्यांना बघून शर्टाची बटणं लावतो. मी 'उठलात का' म्हटलं की समोर त्यांची खिडकी धाडकन उघडायची. रोज! आणि त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी खिडकी बंद. म्हटलं, काय झालं? शेजारच्या दुकानाच्या दारात केकवाली उभी होती, ती म्हणाली, 'हल्ली बंदच असते.' दोन-दोन पायऱ्या चढत गेले, दार बडवलं, 'बाई! अहो बाई!'

आतून आवाज, 'दार तोडायचंय का?'

उघडलं. गाऊनवर, केस विस्कटलेले. त्या बाई! ज्यांची वेणी वादळातसुद्धा हलली नाही!

'बरं नाही का बाई?'

'ठणठणीत आहे. उठले नाही अजून.'

'अहो, दुपार झाली!'

'असेल. पण मला विचारलंय का कुणी, उठलात का म्हणून? तो रेडिओचा डबा लावला तर नुसता वाजतो. वाजणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?'

घरभर बघितलं, तर एक ताट, एक पेला, एक खुर्ची खिडकीशी ओढलेली... आणि मी इतकी वर्षं समजत होते की मी पाण्याच्या बातम्या देते.

बाई मात्र माझं रडं बघायला थांबल्या नाहीत. 'नुसती उभी काय राहिलीस? जे तीनदा विकलं जातं, ते चौथ्यांदा विकत नाही का घेता येत?'

'कोण घेणार?'

'वेणी घालते, थांब.'

आणि निघालो हो आम्ही दोघी! सलूनवाला, केकवाली, नळ दुरुस्त करणारा, दवाखान्यातली परिचारिका... बाई दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, 'हात वर करा, वाटा घालून कुणाला हवंय स्टेशन?' सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाच्या मानेला वस्तरा लावलेला, तसाच दुसरा हात वर! गिऱ्हाइकानं पण केला, न करायची त्याची काय टाप! बॅटरीकाकांना पाटीवर खडूनं लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, 'मला ऐकू येत नाही म्हणून विकलं होतं. तुम्हाला येतंय ना? मग माझाही वाटा धरा.'

साहेबांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर मी बसले. पुठ्ठ्याच्या घडीवाल्या खुर्चीत. साहेब म्हणाले, 'ताई, खरं सांगू? संशोधन सांगतं, हे स्टेशन आता कुणीच ऐकत नाही.'

म्हटलं, 'साहेब, कुणीच ऐकत नाही ते ठेवून कंपनी काय करणार? देऊन टाका. स्वस्तात.'

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा संशोधनाला न विचारता मान डोलावली! जाताना बिल्ला काढून खिशात टाकला आणि हळूच म्हणाले, 'ते पाण्याच्या विरहाचं... मला कळलं होतं हं, ताई.' आणि त्या दिवशी चहा घेतला. दोन कप!

दुसऱ्या दिवशी माइक चालू. 'उठलात का?' समोर धाडकन खिडकी! अहो, माझ्या अंगावर काटा आला. आता अख्खं गाव मालक! मी जोरात म्हटलं, मालक कुणी का असेना, बोलणार तर मीच ना!

...आणि तिथेच चुकले.

कारण मालकांची सभा भरली. हेडबाई अध्यक्ष. सलूनवाला म्हणाला, 'स्टेशन आपलं, तर आपणही बोलायला नको का?' केकवाली म्हणाली, 'मी पण बोलणार.' नळवाला म्हणाला, 'पाण्याचं मीच सांगत जाईन, मला आतली माहिती असते.' परिचारिकेला आरोग्यावर बोलायचंय, बॅटरीकाकांना बॅटरीवर, तेही ओरडून! बाईंनी वेळापत्रक करून टाकलं. वाटणी अगदी समान. शाळेतल्यासारखी. आता सगळे माडीवर, जिन्यात रांग, प्रत्येकाला बोलायचंय... मग घरी ऐकायला कोण? कुणीतरी ऐकायला हवं की नाही?

म्हणून आज मी घरीच. रेडिओ लावून बसले होते. सलूनवाला दाढीच्या साबणावर बोलतोय, बोलतोय... थांबेचना! शेवटी राहवेना, मालकीण म्हणून मीच फोन लावला. म्हटलं, 'अरे, वरच्या गल्लीत पाणी नाही, ते सांग आधी. आणि सुरुवात अशी नाही करायची, पहिलं—'

तर मला म्हणतो, 'ताई, जरा थोडक्यात हं... मागे बाकीचे कॉलर लाइनवर थांबलेत.'